चुलतभावाच्या परवान्यावर: बनावट ओळखपत्राच्या एका प्रकरणाचा अभ्यास

अकरावी-बारावीच्या वयातील मुलाने खोटे ओळखपत्र वापरल्याचे कळते, तेव्हा घरात पहिला प्रश्न पोलिसांचा निघतो: पकडला गेला असता तर काय झाले असते? प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. अठरा वर्षांखालील मुलासाठी कायद्याने, वैद्यकीय व्यवस्थेने, विम्याने आणि कुटुंबाने जे संरक्षण उभे केलेले असते, ते सगळे त्याच्या खऱ्या नावावर आणि खऱ्या जन्मतारखेवर अवलंबून असते. खोटे नाव घेतलेला मुलगा संकटात सापडला की नेमके हेच संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ज्याचे नाव त्याने घेतले तो निष्कारण त्या संकटात ओढला जातो. पुढील प्रकरण या एका मुद्द्यासाठी मांडले आहे.

हे प्रकरण कोणा एका मुलाची हकिगत नाही. सुट्टीतील सहली, भाड्याच्या दुचाक्या आणि दुसऱ्याच्या नावाचे परवाने यांच्याभोवती जे घडू शकते, त्यावरून ते अभ्यासासाठी बांधलेले आहे. त्यातील माणसे आणि घटना काल्पनिक आहेत. कायदे, कलमे आणि न्यायालयीन निर्णय मात्र खरे आहेत.

घटना

मुलगा पुण्याच्या पश्चिम उपनगरात राहणारा, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला, वय 17 वर्षे 4 महिने. मे महिन्यात चार मित्रांनी गोव्याला जायचे ठरवले. चौघांपैकी एकाला 18 वर्षे पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. बाकीचे तिघे अल्पवयीन होते. घरी त्यांनी सावंतवाडीजवळ एका मित्राच्या आजोळी जातो असे सांगितले, आणि ते पटण्यासारखे होते, कारण त्या मित्राचे आजोळ खरोखरच तिथे होते आणि आंबोलीमार्गे म्हापशाला जाणारी बस सावंतवाडीवरूनच जाते.

गोव्यात फिरायला दुचाकी हवी होती. भारतात 16 व्या वर्षी मिळणारा परवाना केवळ 50 सीसीपर्यंतच्या गाडीपुरता असतो आणि तशा गाड्या आता बाजारात जवळजवळ दिसत नाहीत; नेहमीच्या स्कूटरसाठी 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलाचा चुलतभाऊ 22 वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. एका लग्नाच्या वेळी हॉलच्या नोंदणीसाठी त्याने आपल्या वाहन परवान्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, आणि तो तिथेच राहिला होता. मुलाने तो उतरवून घेतला. वयाने सर्वांत मोठ्या मित्राने मोबाइलवरच्या एका अॅपमध्ये त्यावर मुलाचा फोटो बसवला. नाव, जन्मतारीख आणि परवाना क्रमांक चुलतभावाचेच ठेवले. झेरॉक्सच्या दुकानात ते प्लास्टिकच्या कार्डावर छापून मिळाले. दुकानदाराने काही विचारले नाही. चुलतभावाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

इथे जरा थांबायला हवे, कारण मुलांच्या बोलण्यात या कृतीला फार हलकी नावे असतात. ‘दादाचे लायसन्स वापरले’ असे म्हटले की ते दादाचा शर्ट घालण्याइतके साधे वाटते. प्रत्यक्षात एका सज्ञान माणसाची संपूर्ण कायदेशीर ओळख उचलून तिच्यावर दुसऱ्याचा चेहरा लावला गेला होता, आणि त्या क्षणापासून त्या कार्डावर जे काही घडणार होते ते सरकारी नोंदीत त्या चुलतभावाने केलेले ठरणार होते.

कळंगुटमध्ये गाडी भाड्याने देणाऱ्याचा व्यवसाय नियमानुसार होता. स्कूटरला भाड्याच्या वाहनाची काळी पाटी आणि तिच्यावर पिवळी अक्षरे होती, विमा चालू होता. त्याने कार्ड पाहिले, त्याचा फोटो घेतला, अनामत घेतली आणि चावी दिली. त्याच संध्याकाळी तेच कार्ड दाखवून मुलांनी बिअर घेतली. गोव्यात मद्यपानासाठी किमान वय 18 आहे (महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी 21 आणि इतर मद्यासाठी 25), त्यामुळे 22 वर्षांचे कार्ड पाहिल्यावर पुढे कोणी शंका घेतली नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास म्हापशाच्या रस्त्यावर वळणावर स्कूटरचा तोल गेला. दुकान बंद करून पायी घरी निघालेल्या 52 वर्षांच्या बाईंना धक्का बसून त्यांचा पाय मोडला. मुलाच्या डोक्याला मार लागला, मनगटाचे हाड मोडले. मागे बसलेल्या मित्राला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

रुग्णालयातील पहिले पाच तास

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या पाच तासांत आहे, म्हणून त्यांचा तपशील सर्वांत जास्त देत आहे.

108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने मुलाला रुग्णालयात आणले तेव्हा तो अर्धवट शुद्धीत होता. खिशात सापडलेल्या कार्डावरून केसपेपरवर चुलतभावाचे नाव आणि वय 22 अशी नोंद झाली. सोबतच्या मित्राला हे दिसत होते. तो गप्प राहिला, कारण त्याच्या मनात एक पक्की समजूत होती: खरे वय सांगितले तर पोलीस येतील, आणि पोलीस येईपर्यंत डॉक्टर हात लावणार नाहीत. ही समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितले की जखमी माणसावर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे आणि त्यासाठी पोलिसी सोपस्कारांची वाट पाहायची नाही. उपचार नावावर अडणार नव्हते. अपघाताची नोंद पोलिसांकडे तशीही होणारच होती, कारण असे रुग्ण वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणूनच दाखल होतात. थोडक्यात, त्या खोट्या नावाने मुलाला काहीही मिळवून दिले नाही.

त्याने गमावले मात्र बरेच काही. लहानपणी पेनिसिलिन गटातील औषधाने या मुलाच्या अंगावर मोठी पित्ते उठून श्वास घ्यायला त्रास झाला होता, आणि हे त्याच्या आईला पक्के ठाऊक होते. परिचारिकेने मित्राला विचारले, “याला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का?” मित्राने स्वतःची ओळख धाकटा भाऊ अशी करून दिली होती, भावाला हे माहीत नसेल असे कसे होईल, म्हणून त्याने ठामपणे “नाही” असे उत्तर दिले, आणि तेच केसपेपरवर लिहिले गेले. त्या रात्री दिलेले प्रतिजैविक त्या गटातले नव्हते. तो निव्वळ योगायोग होता. “मला माहीत नाही, मी याचा मित्र आहे” एवढे खरे वाक्य डॉक्टरांना सावध करायला पुरले असते. खोटे उत्तर अज्ञानापेक्षा घातक ठरते, कारण अज्ञान पाहून डॉक्टर काळजी घेतो आणि खात्रीचे उत्तर ऐकून तो पुढे जातो.

दुसरा प्रश्न संमतीचा. मनगटाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय तातडीचा नव्हता. ती दुसऱ्या दिवशी करता येणार होती. अल्पवयीन रुग्णासाठी अशा वेळी आई-वडिलांची किंवा पालकाची संमती घेतली जाते. केसपेपरवर वय 22 असल्यामुळे रुग्णालयाने पालकांचा शोध घेण्याचे कारण नव्हते. पूर्ण शुद्धीवर आल्यावर मुलाने स्वतःच सही केली असती, आणि डोक्याला मार लागलेला 17 वर्षांचा मुलगा भूल आणि शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्याने घेऊन बसला असता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. मध्यरात्रीनंतर मुलगा नीट बोलू लागला. डॉक्टरांनी नाव विचारले आणि त्याने चुलतभावाचे नाव सांगितले. वेदना होत होत्या, आई हवी होती, तरीही त्याने तेच सांगितले, कारण तोवर मित्राने तेच सांगितले होते, कागदावर तेच होते आणि आता खरे सांगणे म्हणजे आधीचे सगळे उलटवणे होते. खोट्या ओळखपत्राची ही घडण पालकांनी समजून घेण्यासारखी आहे. कार्ड दाखवण्याचा क्षण सोपा असतो. ते मागे घेणे मात्र दर तासाला अवघड होत जाते, आणि मदतीची गरज जितकी मोठी तितकी कबुलीची भीतीही मोठी होते.

दरम्यान पोलिसांनी परवान्यावरील पत्त्यावरून चुलतभावाच्या घरचा क्रमांक मिळवला. पुण्यात काकांना फोन आला की तुमचा मुलगा गोव्यात अपघातात जखमी झाला आहे. काका म्हणाले, “अहो, तो आत्ता आतल्या खोलीत झोपलाय.” फसवणुकीचा फोन समजून त्यांनी तो ठेवून दिला. अलीकडे अशा फोनचा सुळसुळाट असल्याने त्यांना दोष देता येत नाही. पहाटे दुसरा फोन आला, पोलिसांनी कार्डाचा फोटो पाठवला आणि काकूंनी पुतण्याचा चेहरा ओळखला. मुलाच्या आईला बातमी मिळाली तेव्हा अपघाताला पाच तास होऊन गेले होते. तिने फोनवर पहिले वाक्य उच्चारले ते पेनिसिलिनचे.

कायद्याच्या नजरेतून चौघे सारखे नव्हते

सहलीला निघताना चौघे मित्र जवळजवळ एकाच वयाचे होते, एकाच वर्गातले. कायद्याची रेषा मात्र त्यांच्या मधूनच गेलेली होती.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 337 मध्ये सरकारने दिलेल्या ओळखपत्राची बनावट करण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यात मतदार ओळखपत्र आणि आधार यांची नावे घेऊन, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणाऱ्याला कलम 340 नुसार तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-सी आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बेदरकार वाहन चालवणे, त्यातून गंभीर दुखापत करणे, विनापरवाना आणि मद्यपान करून वाहन चालवणे ही कलमे वेगळीच.

ज्याने फोटो बसवला तो मित्र 18 वर्षे 2 महिन्यांचा होता. त्याच्यासाठी हा नेहमीचा फौजदारी खटला झाला: अटक, जामीन, दोषारोपपत्र, तारखा. त्याने गाडी चालवली नव्हती, दारूही घेतली नव्हती. मित्रासाठी मोबाइलवर दहा मिनिटांचे काम केले होते. झेरॉक्सच्या दुकानदाराचीही चौकशी झाली. ‘मी फक्त प्रिंट दिली’ हे त्याचे म्हणणे किती टिकेल ते त्याला काय माहीत होते यावर ठरेल.

गाडी चालवणारा मुलगा अल्पवयीन, म्हणून त्याच्यासाठी बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 लागू होतो. हा कायदा या मुलाला पुष्कळ काही देतो. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, आणि त्या मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. कलम 74 नुसार त्याचे नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाहीत. ज्या गुन्ह्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशाच गुन्ह्यांसाठी 16 ते 18 वयोगटातील मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याचा विचार होऊ शकतो, आणि इथले गुन्हे त्यात बसत नाहीत. प्रकरण संपल्यावर दोषसिद्धीचा ठपका त्याच्या पुढच्या आयुष्यावर राहू नये अशीही तरतूद कलम 24 मध्ये आहे.

हे सगळे मिळते ते मूल म्हणून ओळख पटल्यावर. पहाटेपर्यंत तो पोलिसांच्या नोंदीत 22 वर्षांचा सज्ञान तरुण होता. शुद्धीवर येताच त्याचा जबाब सज्ञान आरोपी म्हणून घेण्याची तयारी होती. शिवाय त्या रात्रीच एका स्थानिक बातम्यांच्या ग्रुपवर ‘मद्यधुंद पर्यटकाने महिलेला उडवले’ अशी बातमी नावानिशी फिरली. नाव अर्थातच चुलतभावाचे होते. अल्पवयीन म्हणून जे नाव कायद्याने झाकले गेले असते त्याच्या जागी एका निर्दोष माणसाचे नाव उघड्यावर आले, आणि त्याला कलम 74 चे संरक्षण नाही, कारण तो मूल नाही.

वय सिद्ध करताना आणखी एक गोष्ट समोर आली. घरच्यांनी घाईने मुलाचे आधार कार्ड पाठवले. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 नुसार वय ठरवताना आधी शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी असा क्रम आहे. आधार हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मोटार अपघात भरपाईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारवरील तारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. दहावीचे प्रमाणपत्र पोहोचले आणि नोंद बदलली.

घरात मांडला गेलेला प्रस्ताव

सकाळी दोन्ही कुटुंबे गाडीने गोव्याकडे निघाली. वाटेत एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने फोनवर सुचवले की आता कागदोपत्री चुलतभावाचेच नाव आहे तर ते तसेच राहू द्यावे. गाडी त्यानेच चालवली असे सांगावे. त्याच्याकडे खरा परवाना आहे, विमा मिळेल, लहानग्याचे वर्ष वाचेल, प्रवेशाला अडचण येणार नाही.

हा प्रस्ताव दुष्टपणातून आलेला नव्हता. मुलावरच्या मायेतून आणि भीतीतून आला होता, आणि म्हणूनच तो धोकादायक होता. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये 17 वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणात पोलिसांनी ठेवलेले गंभीर आरोप केवळ मुलापुरते राहिले नाहीत: गाडी चालक चालवत होता असे सांगण्यासाठी दबाव आणल्याचा आणि रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप मोठ्या माणसांवर आहे, आणि त्यात पालक व डॉक्टर यांना अटक झाली. मुलाने सुरू केलेले खोटे मोठ्यांनी पुढे चालवले की प्रकरणाचे स्वरूप कसे बदलते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

इथे चुलतभावाने स्वतःच नकार दिला. त्याचे म्हणणे व्यावहारिक होते: त्या दिवशी तो कार्यालयात होता, हजेरीची नोंद आहे, मोबाइल पुण्यात होता, आणि रुग्णालयात ज्याच्या मनगटाचे हाड मोडले आहे तो माणूस तो नाही. मुलाच्या वडिलांनी त्याला पाठिंबा दिला. गुन्हा करणाऱ्याला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 नुसार गुन्हा आहे, आणि तो करणारे सगळे सज्ञान असते. वडिलांनी पोलिसांना सर्व काही सांगितले, मुलाचा जबाब त्यांच्या उपस्थितीत झाला. या संपूर्ण प्रकरणात कोणी एक निर्णय योग्य वेळी घेतला असेल तर तो हा, असे मी मानतो. तो घेणे सोपे नव्हते, कारण तोवर खोटे नाव सगळ्या कागदांवर सहज बसलेले होते आणि खरे सांगायला प्रत्येक कागद दुरुस्त करावा लागणार होता.

ते दुरुस्तीचे काम पुढे कित्येक महिने चालले. रुग्णालयाची नोंद, गाडी भाड्याने घेतल्याचा कागद, पोलीस डायरी, बातमी. चुलतभावाला आपल्या कंपनीला लेखी खुलासा द्यावा लागला. मूळ परवान्याचा फोटो किती ठिकाणी गेला, याचा शोध घेताना कळले की तो मुलाच्या मोबाइलमध्ये, मित्राच्या मोबाइलमध्ये, झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर आणि गाडी देणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर आहे. त्याने संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते तपासले. दुसऱ्या कोणाची नोंद नव्हती. पण फोटो परत घेता येत नाही, आणि कोणी त्यावर उद्या काही करणार नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

पैशाची बाजू

मुलाच्या कुटुंबाचा आरोग्य विमा होता आणि त्यात त्याचे नाव होते. दाव्यासोबत जोडायचे पहिल्या रात्रीचे सर्व कागद दुसऱ्याच्या नावाचे होते, आणि मद्यपानाची नोंद वैद्यकीय अहवालात होती. अनेक पॉलिसींत अशा अपघाताचा खर्च वगळलेला असतो. दावा फेटाळला गेला. वडिलांनी शस्त्रक्रियेचा खर्च स्वतः केला.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199-अ पालकांनी एकदा तरी शांतपणे वाचावे असे आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक यांच्या संमतीनेच तो झाला असे न्यायालय गृहीत धरते; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करणे पालकाच्या किंवा मालकाच्या अंगावर असते. या प्रकरणात वडील ‘सावंतवाडीला गेलाय’ या मुलाच्या संदेशावर आणि मालक कार्डाच्या फोटोवर अवलंबून होते. दोघांनाही आपला बचाव एका खोट्या गोष्टीवर उभा करावा लागला, एकाला खोट्या निरोपावर, दुसऱ्याला खोट्या कार्डावर.

25 व्या वर्षापर्यंत परवाना नाही, याचा अर्थ नीट पाहायला हवा. मुलाला आठ महिन्यांनी रीतसर शिकाऊ परवाना मिळाला असता. तेवढे न थांबल्यामुळे तो आता आणखी सात वर्षे लांबला, आणि त्या काळात त्याचे महाविद्यालय, पहिली नोकरी, घरातले आजारपण हे सगळे येणार आहे.

कार्ड कुठे अडले असते

गाडी देणाऱ्याने परवाना क्रमांक आणि जन्मतारीख परिवहन विभागाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर टाकली असती तरी उत्तर ‘वैध’ असेच आले असते, कारण दोन्ही खरी होती, फक्त त्याची नव्हती. म्हणून केवळ क्रमांक तपासणे पुरेसे नाही. ग्राहकाने स्वतःच्या मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन समोर उघडून त्यातील परवाना दाखवावा, असा आग्रह धरला असता तर प्रकरण तिथेच संपले असते. अशा स्वरूपातील परवाना मूळ परवान्याइतकाच ग्राह्य आहे, आणि स्क्रीनशॉट किंवा छापील कार्डाप्रमाणे तो सहज बदलता येत नाही. आधारच्या बाबतीतही सुरक्षित क्यूआर कोडमध्ये धारकाचा फोटो डिजिटल स्वाक्षरीसह असतो. तो आधार प्राधिकरणाच्या अॅपने वाचला की कार्डावर चिकटवलेला दुसरा चेहरा लगेच उघडा पडतो. तपासणीला एखादे मिनिट लागते. हंगामाच्या गर्दीत ते मिनिट कोणी देत नाही, ही खरी अडचण आहे.

घरातही एक जागा होती. कुटुंबाच्या ग्रुपवर परवाने, आधार, पॅन यांचे फोटो टाकून ते तसेच ठेवण्याची सवय जवळपास प्रत्येक घरात आहे. काम झाल्यावर ते सर्वांसाठी काढून टाकणे, किंवा फोटोवर कोणत्या कामासाठी दिला ते ठळक लिहिणे, यात कोणावर अविश्वास दाखवणे नाही. आणि मुलांशी बोलताना पकडले जाण्याची भीती घालण्याऐवजी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी: काहीही चूक झालेली असली तरी रुग्णालयात आणि पोलिसांना आपले खरे नाव, खरे वय आणि घरचा क्रमांक सांगायचा, रागावणे वगैरे नंतर. मित्रांनाही हेच माहीत हवे, कारण त्या रात्री निर्णय मित्राने घेतला होता.

जखमी बाईंचा दावा

बाल न्याय मंडळाने मुलाला समुपदेशन आणि समाजसेवेचा आदेश दिला. मोठ्या मित्राचा खटला चालू आहे. सर्वांत लांब रेंगाळले ते मात्र ज्यांचा या साऱ्याशी काहीच संबंध नव्हता त्या बाईंचे काम.

त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज केला. अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत असते, आणि पोलिसांच्या सुरुवातीच्या कागदांवरून वकिलाने चालक म्हणून चुलतभावाचे नाव घातले होते. ते वगळून मुलाला त्याच्या पालकामार्फत प्रतिवादी करावे लागले. विमा कंपनीने चालकाकडे वैध परवाना नसल्याचा आक्षेप घेतला. या बाबतीत 2004 च्या स्वर्णसिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बाईंच्या बाजूचा आहे: परवाना बनावट निघाला एवढ्याने विमा कंपनीची तिसऱ्या व्यक्तीबद्दलची जबाबदारी संपत नाही, मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हे कंपनीला सिद्ध करावे लागते, आणि तसे झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. म्हणजे भरपाई बहुधा मिळेल. पण मालकाने काळजी घेतली की नाही, या वादात साक्षी होणार, कार्डाचा तो फोटो पुराव्यात येणार, आणि तोपर्यंत उपचारांचा आणि बंद राहिलेल्या दुकानाचा भार बाईंच्या घरावर आहे. मुलाच्या वडिलांनी न्यायाधिकरणापुढे मध्यंतरी काही रक्कम स्वतःहून भरण्याची तयारी दाखवली आहे, आणि त्यावर पुढील तारखेला सुनावणी व्हायची आहे.